एटीजी५ दाबले तरी जिवाणू तेवढेच: निष्कर्ष लिहिण्याआधी काय तपासावे

प्रश्न: पुण्यात एमएस्सीचा संशोधन प्रकल्प चालू आहे. टीएचपी-१ पेशींमध्ये (मॅक्रोफेजसाठी वापरली जाणारी मानवी पेशीमालिका) एसआयआरएनए (जनुक दाबणारे आरएनएचे तुकडे) देऊन एटीजी५ हे ऑटोफॅजीचे, म्हणजे पेशीने आपलाच ऐवज पचवण्याच्या क्रियेचे, जनुक दाबले आणि पेशींना बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लशीतल्या क्षीण जिवाणूचा, संसर्ग दिला. २४ तासांनी एलसी३-२ या ऑटोफॅजीच्या खुणेची पट्टी वाढलेली दिसते, क्लोरोक्विन दिल्यावर आणखी वाढते. पण नेहमीच्या पेशी आणि एटीजी५ दाबलेल्या पेशी यांच्या सीएफयूमध्ये, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या मोजणीत, फरक नाही. 'क्षयाच्या जिवाणूंविरुद्ध ऑटोफॅजीचा उपयोग होत नाही' असा निष्कर्ष लिहावा का? आणि या जनुकाचा माणसांच्या आजारांशी संबंध कितपत आहे?

उत्तर:

तसे लिहू नका. या प्रयोगात फरक दिसण्याची शक्यता मुळातच कमी होती, आणि त्याची निदान पाच कारणे असू शकतात, त्यातली बहुतेक तुमच्या प्रश्नातच आहेत. ती पुढे एकेक करून घेतो. पण उलटे घडले असते, म्हणजे एटीजी५ दाबल्यावर जिवाणू तिप्पट झाले असते, तरी 'ऑटोफॅजी जिवाणू मारते' हे वाक्यही तुम्हाला लिहिता आले नसते. एटीजी५ आणि ऑटोफॅजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेल्या वीस वर्षांतला या क्षेत्रातला बराचसा गोंधळ या दोन्ही एकच धरल्यामुळे झालेला आहे.

आधी हे प्रथिन करते काय ते पाहू. माणसात एटीजी५चे जनुक सहाव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर, ६क्यू२१ या ठिकाणी आहे. प्रथिन २७५ अमिनो आम्लांचे, सुमारे ३२ किलोडाल्टनचे. पण पेशीत ते सुटे क्वचितच सापडते. एटीजी७ आणि एटीजी१० या दोन विकरांच्या मदतीने त्याच्या १३०व्या लायसिनवर एटीजी१२ कायमचे जोडले जाते. युबिक्विटिन हे खुणेचे छोटे प्रथिन एखाद्या प्रथिनाला जोडले जाते, तशीच ही रीत. त्यामुळे वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीने पाहण्याची पद्धत) एटीजी५ची मुख्य पट्टी ३२वर नव्हे, ५५ किलोडाल्टनच्या आसपास दिसते. '३२ची पट्टी येत नाही, अँटिबॉडी खराब आहे' अशी तक्रार नवखे विद्यार्थी हमखास करतात. अँटिबॉडी ठीक असते, बघायची जागा चुकलेली असते.

ही जोडी पुढे एटीजी१६एल१ला चिकटते. तिघांच्या या संकुलाचे काम एकच: एटीजी३ने धरून आणलेले एलसी३ हे प्रथिन पटलातल्या फॉस्फॅटिडिलइथॅनोलअमाइन या स्निग्धाला जोडणे. जोडलेले एलसी३ म्हणजे एलसी३-२, मोकळे ते एलसी३-१. कोणत्या पटलावर जोडायचे ते एटीजी१६एल१ ठरवते, आणि मुख्य मुद्दा इथेच आहे. हे संकुल म्हणजे बटण लावणारा शिंपी समजा. शिंपी सदऱ्यालाही बटण लावतो आणि झब्ब्यालाही. बटण दिसले म्हणजे सदराच शिवला, असे म्हणता येत नाही. एलसी३-२ हे बटण आहे. दुहेरी पटलाची पिशवी, म्हणजे ऑटोफॅगोसोम, हा त्यातला फक्त एक कपडा.

दुसरा कपडा म्हणजे फॅगोसोम. मॅक्रोफेजने, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशीने, गिळलेल्या कणाभोवतीच्या साध्या, एकेरी पटलावरही एलसी३ थेट बसवले जाते. ही गोष्ट २००७ साली स्पष्ट झाली आणि तिला एलसी३-संलग्न फॅगोसायटोसिस, थोडक्यात एलएपी, म्हणतात. तिला एटीजी५, एटीजी७ आणि एटीजी१६एल१ लागतात, पण खऱ्या ऑटोफॅजीची सुरुवात करणारे एफआयपी२०० आणि एटीजी१३ लागत नाहीत. उलट रुबिकॉन नावाचे प्रथिन लागते, आणि हेच रुबिकॉन खऱ्या ऑटोफॅजीला आवर घालते. लायसोसोम (पेशीतली पचनाची पिशवी) किंवा फॅगोसोमच्या आम्लतेत गडबड झाली की तिथला प्रोटॉन पंप, म्हणजे व्ही-एटीपेज, एटीजी१६एल१ला ओढून घेतो आणि एलसी३ चिकटवले जाते. साल्मोनेलाकडे सॉपएफ नावाचे प्रथिन आहे, ते नेमका हा दुवा तोडते. जिवाणूने त्यासाठी खास हत्यार बाळगावे, यावरूनच या दुव्याचे महत्त्व कळते.

तिसरा कपडा इंटरफेरॉन-गॅमाचा, म्हणजे मॅक्रोफेजना चेतवणाऱ्या संदेशप्रथिनाचा. उंदराच्या मॅक्रोफेजमध्ये टॉक्सोप्लाझ्माच्या पोकळीवर हल्ला चढवायला एटीजी५ लागते, पण तिथे ऑटोफॅगोसोम दिसत नाही (२००८). उंदरांचा नोरोव्हायरस रोखायलाही हेच त्रिकूट लागते, लायसोसोममधले पचन मात्र लागत नाही (२०१२).

आता क्षयरोगाकडे. इथला इतिहास क्रमाने वाचला तर तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच मिळते. २००४ साली दाखवले गेले की मॅक्रोफेजना उपाशी ठेवले किंवा रॅपामायसिन हे ऑटोफॅजी चेतवणारे औषध दिले की बीसीजी असलेले फॅगोसोम आम्लधर्मी होतात आणि जिवाणू घटतात. २०१२ साली पुढचा दुवा सापडला. क्षयाचा जिवाणू ईएसएक्स-१ या स्रावयंत्रणेने फॅगोसोमला भोके पाडतो, त्याचा डीएनए पेशीद्रवाच्या संपर्कात येतो, स्टिंग या धोक्याच्या संकेतमार्गाने युबिक्विटिनचा शिक्का बसतो आणि काही जिवाणू ऑटोफॅजीच्या हवाली होतात. त्याच वर्षी मायलॉइड पेशींमधून (मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल वगैरे) एटीजी५ काढलेले उंदीर क्षयाने लवकर दगावतात हेही समोर आले. चित्र पूर्ण झाले असे सगळ्यांना वाटले.

२०१५ साली सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने ते विस्कटले. त्यांनी एटीजी५ एकट्यावर न थांबता एटीजी३, एटीजी७, एटीजी१२, एटीजी१४, एटीजी१६एल१, यूएलके१ आणि पी६२ ही ऑटोफॅजीशी संबंधित जनुके काढलेलेही उंदीर तपासले. एटीजी५ नसलेले उंदीर चाळीसेक दिवसांत मेले. बाकीच्यांची तशी गत झाली नाही. मृत्यूचे कारणही वेगळेच निघाले: फुप्फुसात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची बेसुमार गर्दी. अँटिबॉडी देऊन न्यूट्रोफिल कमी केले की उंदीर सावरले. म्हणजे त्या मृत्यूंमागे पचनाचे यंत्र बंद पडणे नव्हते, दाहावरचा लगाम सुटणे होते. २०२३मध्ये एक संभाव्य यंत्रणाही पुढे आली. एटीजी५ नसले की मोकळे राहिलेले एटीजी१२ एटीजी३ला चिकटून बसते आणि पेशी एक्सोसोम (बाहेर सोडलेल्या बारीक पिशव्या) व लायसोसोममधला ऐवज जास्त प्रमाणात बाहेर फेकू लागते. एटीजी७ काढले तर एटीजी१२ कुणालाच जोडले जात नाही, म्हणून तिथे हा प्रकार घडत नाही.

मग ऑटोफॅजीचा क्षयाशी संबंधच नाही का? आहे. २०२३ सालीच मूलपेशींपासून बनवलेल्या मानवी मॅक्रोफेजमधून एटीजी७ आणि एटीजी१४ काढल्यावर क्षयाचे जिवाणू जास्त वाढतात असे दाखवले गेले. एटीजी१४ हे खास खऱ्या ऑटोफॅजीचे जनुक असल्याने हा पुरावा वजनदार आहे. मानवी पेशीत ऑटोफॅजी जिवाणू रोखते; उंदरातला २०१५चा तो ठळक परिणाम मात्र एटीजी५च्या स्वतंत्र कामाचा होता. दोन्ही खरे आहे.

त्या उंदरांबद्दल आणखी एक सावधगिरी. हे उंदीर लायझोझाइम-एम-क्रे (ठराविक पेशींतूनच जनुक कापून काढणारे साधन) वापरून बनवतात आणि शोधनिबंधांत सर्रास 'मॅक्रोफेजमधून काढले' असे लिहितात. हे क्रे न्यूट्रोफिलमध्येही काम करते. निष्कर्ष न्यूट्रोफिलवर येऊन थांबतो तेव्हा ही बाब तळटिपेत ढकलून चालत नाही.

तुमच्या प्रयोगात काय चुकले असावे

पहिले, एसआयआरएनए. एटीजी५च्या बाबतीत ७०-८० टक्के घट म्हणजे जवळजवळ काहीच नाही. एटीजी५-एटीजी१२चे अगदी थोडे संयुग उरले तरी ऑटोफॅजी जवळपास पूर्ण क्षमतेने चालते, हे २००६ सालीच दाखवलेले आहे. शिवाय पीएमए (मॅक्रोफेज बनवणारे रसायन) दिलेल्या टीएचपी-१ पेशी एसआयआरएनए सहज आत घेत नाहीत. तुमचा पुरावा क्यूपीसीआरचा, म्हणजे फक्त आरएनए मोजण्याचा, असेल तर तो बाजूला ठेवा आणि ५५ किलोडाल्टनची पट्टी पाहा. त्याहून चांगली कसोटी कामाची: लायसोसोम थांबवणारे बॅफिलोमायसिन दिल्यावरही एलसी३-२ दिसू नये आणि एलसी३-१ साचलेले दिसावे. तुमच्या एटीजी५ दाबलेल्या पेशींत एलसी३-२ वाढताना दिसत असेल तर जनुक पुरेसे दबलेलेच नाही. यावर उपाय क्रिस्परचा, म्हणजे जनुक कापून कायमचे बंद करण्याचा. लेंटिव्हायरसने कॅस९ आणि दोन वेगवेगळे गाइड द्या, प्युरोमायसिनची मात्रा स्वतःच्या पेशींवर तपासून ठरवा (टीएचपी-१ला साधारण १ ते २ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर), आणि निदान दोन-तीन स्वतंत्र क्लोन घ्या. एकाच क्लोनवर भिस्त ठेवू नका. टीएचपी-१चे क्लोन पीएमएला सारखा प्रतिसाद देत नाहीत, आणि तो फरक जनुकाच्या नावावर खपून जातो.

क्लोन मिळाल्यावर त्यात एटीजी५ परत घालून पाहणे अत्यावश्यक. एकात नेहमीचे एटीजी५ घाला, दुसऱ्यात के१३०आर, म्हणजे १३०व्या लायसिनच्या जागी आर्जिनिन असलेले. याला एटीजी१२ जोडता येत नाही. परिणाम फक्त पहिल्याने भरून निघाला तर जोडणीचे काम महत्त्वाचे. दोन्हींनी भरून निघाला तर कारण एटीजी५च्या दुसऱ्याच कामात शोधावे लागेल. अशी कामे आहेत: कॅल्पेनने कापलेला एटीजी५चा २४ किलोडाल्टनचा तुकडा मायटोकॉन्ड्रियावर जाऊन पेशीला मरणाकडे ढकलतो, त्याला एलसी३शी काही देणेघेणे नाही.

दुसरे, बीसीजी. लस म्हणून बीसीजी क्षीण झाली त्यामागे आरडी१ हा जनुकपट्टा गळणे हे मोठे कारण आहे, आणि ईएसएक्स-१ यंत्रणा त्याच पट्ट्यात आहे. ती नाही म्हणजे फॅगोसोमला भोक नाही, म्हणजे युबिक्विटिनचा शिक्का नाही, म्हणजे ऑटोफॅजीने जिवाणू ओळखून पकडण्याची पायरीच जवळजवळ गायब. चोर घरात शिरलाच नाही आणि आपण पहारेकऱ्याची परीक्षा घेतो आहोत. एच३७आरए ही क्षयाच्या जिवाणूची क्षीण जात वापरली तरी प्रश्न पुरता सुटत नाही: तिच्यात फॉपी जनुकातल्या बदलामुळे ईसॅट-६चा (ईएसएक्स-१ने बाहेर सोडलेल्या प्रथिनाचा) स्राव फार कमी असतो. खरी, रोगकारक एच३७आरव्ही बीएसएल-३मध्येच, म्हणजे कडक जैवसुरक्षेच्या प्रयोगशाळेतच, हाताळायची. एमएस्सीच्या मुदतीत ती परवानगी आणि प्रशिक्षण सहसा जमत नाही. मधला मार्ग मायकोबॅक्टेरियम मरिनमचा. ते बीएसएल-२मध्ये चालते, त्याच्याकडे कार्यरत ईएसएक्स-१ आहे आणि ते बीसीजीच्या मानाने झपाट्याने वाढते. फक्त त्याला ३० ते ३३ अंश तापमान लागते, त्यामुळे संसर्गानंतर मॅक्रोफेजही ३३ अंशांवर ठेवावे लागतात. सगळे नियंत्रणगटही त्याच तापमानाला. जखमेला ते चिकटू शकते, तेव्हा हातमोज्यांत कुचराई नको. बीसीजीच ठेवायचे असेल तर प्रश्न बदला: 'चेतवलेली ऑटोफॅजी बीसीजी घटवते का, आणि त्याला एटीजी५ लागते का?' त्यासाठी ईबीएसएसमध्ये (उपाशी ठेवणारा क्षारद्राव) २ ते ४ तास किंवा टॉरिन-१ हे ऑटोफॅजी चेतवणारे रसायन, २५० नॅनोमोलर, असा एक जादा गट घ्या.

तिसरे, वेळ. क्षयवर्गीय जिवाणू साधारण १८ ते २४ तासांत एकदा दुप्पट होतात. २४ तासांवर तुम्ही फार तर एका विभाजनाचा फरक शोधत आहात, आणि सीएफयूची पद्धत तेवढा फरक खात्रीने पकडत नाही. ०, २४, ७२ आणि १२० तास घ्या. शून्याचा बिंदू कधीही वगळू नका. एटीजी५ नसलेल्या पेशी जिवाणू गिळण्यातच कमी-जास्त असू शकतात, मग पुढचा सगळा हिशेब 'शून्य तासाच्या पट' असाच मांडावा लागतो.

चौथे, माध्यमातले पेन-स्ट्रेप, म्हणजे पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन. हे प्रश्नात लिहिलेले नाही, पण टीएचपी-१ बहुतेक ठिकाणी त्यातच वाढवतात. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे जुने औषध आहे! ते मॅक्रोफेजच्या आत हळूहळू साचते आणि सगळ्याच गटांतले जिवाणू दाबून ठेवते. मग फरक दिसणार कुठून? संसर्गाच्या आधी निदान २४ तास पेशी प्रतिजैविकाविना ठेवा आणि माध्यम दोनदा बदला.

पाचवे, क्लोरोक्विन. ऑटोफॅजीचा 'ओघ' मोजायला, म्हणजे एलसी३-२ बनते किती आणि पचते किती हे पाहायला, लायसोसोम थांबवावे लागते. त्यासाठी क्लोरोक्विन स्वस्त पडते म्हणून सगळे तेच घेतात. पण क्लोरोक्विन लायसोसोम फुगवते आणि त्या धक्क्याने व्ही-एटीपेज व एटीजी१६एल१मार्गे एकेरी पटलावर एलसी३ बसवले जाते. मोनेन्सिननेही तेच होते. म्हणजे साचलेली बटणे मोजायला गेलो आणि शिंप्याला नवे काम देऊन आलो. बॅफिलोमायसिन-ए१ व्ही-एटीपेजच बंद करत असल्याने हा आडमार्गही बंद होतो. १०० नॅनोमोलर, शेवटचे २ ते ४ तासच. रात्रभर ठेवले तर पेशी आजारी पडतात आणि मोजमाप निरर्थक होते. महाग आहे, मान्य. १० मायक्रोलिटरचे छोटे भाग करून उणे २०वर ठेवा आणि उजेडापासून जपा.

थोडे तंत्राविषयी

टीएचपी-१ पेशी प्रति मिलिलिटर २ ते ८ लाख एवढ्याच ठेवा. १० लाखांच्या वर गेल्या की त्यांचे वागणे बदलते. गणेशखिंडीतल्या एनसीसीएसच्या पेशीसंग्रहातून आणल्या असतील तर सुरुवातीच्या पॅसेजच्या भरपूर कुप्या गोठवून ठेवा आणि मायकोप्लाझ्माची तपासणी दर महिन्याला करा. मायकोप्लाझ्मा असलेल्या पेशींवर जन्मजात प्रतिकाराचा कुठलाही प्रयोग करण्यात अर्थ नाही. पीएमए २० ते ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, २४ ते ४८ तास. नंतर पीएमएविना किमान २४ तास विश्रांती. विश्रांती टाळली तर पेशी आधीच चेतलेल्या असतात आणि पायाभूत एलसी३-२ चढलेले दिसते.

बीसीजी ७एच९ माध्यमात ०.०५ टक्के ट्वीन-८० घालून ओडी ०.४ ते ०.८पर्यंत वाढवा. हे जिवाणू मेणचट असल्याने गुठळ्या होतात, आणि गुठळ्यांनी जेवढे प्रयोग बिघडतात तेवढे दुसऱ्या कशानेच नाही. पीबीएसने धुऊन २६ गेजच्या सुईतून १०-१५ वेळा ओढा, मग सेंट्रिफ्यूजमध्ये १०० ते २०० 'जी' बलाने पाच मिनिटे फिरवून वरचे पातळ मिश्रणच घ्या. एमओआय (दर पेशीमागे जिवाणू) १ ते ५. ओडीवरून, म्हणजे मिश्रणाच्या गढूळपणावरून, काढलेली संख्या अंदाजी असते, म्हणून दिलेले जिवाणू दर वेळी प्लेटवर टाकून मोजा. चार तासांनी कोमट माध्यमाने तीनदा धुवा. मॅक्रोफेज ०.१ टक्के ट्रायटनने फोडून ७एच११वर तीन-चार आठवडे. प्लेट पॉलिथिनच्या पिशवीत बंद ठेवा, नाहीतर आगर सुकते. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या दमट हवेत इनक्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये बुरशी धरते आणि तीन आठवड्यांचे काम एका सकाळी वाया जाते. ट्रे आठवड्याला बदला, निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाणीच वापरा. सोबत एलडीएच (मेलेल्या पेशींतून गळणारे विकर) मोजून किती पेशी मेल्या ते नोंदवा. मेलेल्या पेशी धुताना निघून जातात, त्यांच्यासोबत जिवाणूही जातात, आणि 'जिवाणू घटले' असा भास होतो.

वेस्टर्नसाठी १५ टक्के जेल. एलसी३-२ १४ ते १६ किलोडाल्टनवर धावते. वजनाने ते एलसी३-१पेक्षा जास्त असूनही स्निग्धामुळे पुढे पळते, म्हणून खालची पट्टी एलसी३-२ची. रंगाची रेषा जेलबाहेर जाऊ देऊ नका. पटल ०.२ मायक्रॉनचे पीव्हीडीएफच हवे, ०.४५मधून एलसी३ निसटते. पेशी १ टक्का एसडीएसमध्ये फोडा, कारण सौम्य डिटर्जंटमध्ये पी६२चा मोठा भाग गाळात जातो. नमुने वारंवार वितळवून गोठवू नका, त्याने एलसी३-१ आधी नष्ट होते. म्हणूनच एलसी३-२ भागिले एलसी३-१ हे गुणोत्तर मी मानत नाही. एलसी३-२ भागिले अ‍ॅक्टिन हेच बरे, तेही बॅफिलोमायसिनसह आणि बॅफिलोमायसिनविना अशा जोडीने.

पी६२बद्दल (ऑटोफॅजीत स्वतःही पचून जाणारे प्रथिन) इशारा. 'पी६२ वाढले म्हणजे ऑटोफॅजी अडली' हे उपाशी ठेवलेल्या फायब्रोब्लास्टमध्ये ठीक आहे. संसर्ग झालेल्या मॅक्रोफेजमध्ये एनएफ-कप्पा-बी आणि एनआरएफ२ पी६२चे जनुकच जोरात चालू करतात. क्यूपीसीआरने पी६२चा एमआरएनए मोजल्याशिवाय ती पट्टी वाचू नये.

जनुकांची जोडी लावून वाचणे

प्रयोग नीट झाला आणि फरक दिसला, तर तो कोणाच्या खात्यावर टाकायचा हे एका जनुकावरून ठरत नाही. निदान तीन हवीत: एटीजी५, एफआयपी२०० किंवा एटीजी१४, आणि एटीजी७ किंवा एटीजी१६एल१. तिन्हींपैकी कोणतेही काढल्यावर जिवाणू सारखेच वाढले तर ती खरी ऑटोफॅजी. एटीजी५ आणि एटीजी१६एल१ काढल्यावर वाढले, पण एफआयपी२०० काढल्यावर नाही, तर एकेरी पटलावरचे काम. मग रुबिकॉन काढून तोच परिणाम मिळतो का ते पाहा, आणि शक्य असेल तर एटीजी१६एल१चा के४९०ए हा बदल वापरा, ज्यात एकेरी पटलावरचे काम बंद पडते पण ऑटोफॅजी चालू राहते. फक्त एटीजी५नेच फरक पडला तर एटीजी१२-एटीजी३ची जोडी वेस्टर्नवर शोधा. ३-एमएसारख्या औषधांवर विसंबू नका: ५-१० मिलिमोलर लागते, पहिल्या वर्गाचे पीआय३-कायनेजही थांबते, आणि जास्त वेळ ठेवले तर उलट ऑटोफॅजी वाढू शकते.

पेशी कोणती यावरही उत्तर पालटते. २००७च्या दोन कामांकडे पाहा. प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक पेशींत एटीजी५ नसेल तर व्हीएसव्ही विषाणूविरुद्ध इंटरफेरॉन कमी बनते, कारण विषाणूचा आरएनए टीएलआर७ या तो ओळखणाऱ्या ग्राहीपर्यंत पोचतच नाही. फायब्रोब्लास्टमध्ये एटीजी५-एटीजी१२ची जोडी आरआयजी-आय आणि आयपीएस-१ या विषाणूची खबर देणाऱ्या प्रथिनांवर बसून इंटरफेरॉन दाबते, म्हणून तिथे एटीजी५ काढले की इंटरफेरॉन वाढते. एकच जनुक, दोन पेशी, परस्परविरुद्ध परिणाम. 'एटीजी५ प्रतिकारशक्ती वाढवते' असे वाक्य पोस्टरवर दिसले की कुठल्या पेशीत, हे विचारायचेच. टी पेशी एटीजी५विना फार टिकत नाहीत, आणि प्लाझ्मा पेशींची दीर्घकाळ अँटिबॉडी बनवण्याची ताकदही त्यावरच अवलंबून असते.

माणसांचे आजार

एटीजी५ पूर्ण नसलेले उंदराचे पिल्लू जन्मल्यावर एका दिवसात मरते. नाळ तुटल्यापासून दूध मिळेपर्यंतची उपासमार त्याला झेपत नाही (२००४). माणसात २०१६ साली तुर्कस्तानातल्या दोन भावंडांमध्ये ई१२२डी हा बदल दोन्ही प्रतींत आढळला. त्याने एटीजी१२ची जोडणी मंदावते. मुलांची तक्रार तोल जाणे आणि विकास मागे पडणे ही होती. २०२१मध्ये एटीजी७च्या दोषाची पाच कुटुंबे समोर आली, तिथेही मुख्य लक्षणे मेंदूचीच. ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजाराच्या) जनुकीय अभ्यासांत एटीजी५चे नाव येते खरे, पण तो संकेत एटीजी५ आणि शेजारचे पीआरडीएम१ यांच्या मधल्या भागातून येतो. पीआरडीएम१ बी पेशींचे मोठे नियंत्रक असल्याने श्रेय एटीजी५ला देऊन मोकळे होणे घाईचे ठरेल.

प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने सर्वांत भक्कम दुवा एटीजी५चा नाही, त्याच्या जोडीदाराचा आहे. २००७ साली एटीजी१६एल१मधला टी३००ए हा बदल क्रोन्सच्या आजाराशी, म्हणजे आतड्याच्या दीर्घकालीन दाहाशी, जोडला गेला. ३००व्या जागी थ्रिओनिनऐवजी अ‍ॅलानिन आले की कॅस्पेज-३ हे विकर एटीजी१६एल१ला सहज कापते. पेशीवर ताण असताना ते कमी पडते, लहान आतड्यातल्या पॅनेथ पेशींचे जिवाणूनाशक कण नीट बनत नाहीत आणि मॅक्रोफेज आयएल-१-बीटा हे दाह वाढवणारे प्रथिन जास्त सोडतात. मात्र युरोपीय वंशाच्या लोकांत हा बदल सुमारे निम्म्या प्रतींत असतो आणि बहुतेकांना काहीही होत नाही. उंदरातही जनुक क्षीण असून भागत नाही, सोबत नोरोव्हायरस लागतो, मग आतडे बिघडते. जपानी रुग्णांमध्ये तर हा संबंध सापडलाच नाही. त्यामुळे 'जनुकीय आरोग्य पॅकेज'मध्ये टी३००ए आला म्हणून क्रोन्सची भीती घेणे निरर्थक.

आपल्याकडे प्रश्न वेगळा असतो. लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्याजवळ व्रण दिसला की क्रोन्स की आतड्याचा क्षय? चूक महागात पडते: क्षय असताना स्टिरॉइड किंवा टीएनएफविरोधी औषध दिले तर जिवाणू उसळतात. टी३००ए हा बदल त्यात मदत करत नाही. बायोप्सी, कल्चर, जीनएक्सपर्ट (क्षयाची जनुकीय चाचणी), आणि तरीही संशय उरला तर क्षयाचा उपचार सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी, हाच रस्ता.

मौखिक परीक्षेत कुणीतरी उपासाबद्दल विचारेलच. २०१६चे नोबेल योशिनोरी ओसुमींना मिळाले ते यीस्टमधली ही जनुके शोधल्याबद्दल, उपासाच्या गुणांबद्दल नव्हे. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, वर बटाट्याचा कीस, अशा 'एकादशी अन् दुप्पट खाशी'मध्ये ग्लुकोज आणि अमिनो आम्ले एमटीओआरला, म्हणजे ऑटोफॅजी रोखणाऱ्या प्रथिनाला, चांगलेच जागे ठेवतात. कडक उपासाने क्षयरोग्याचे भले होते, याला आधार नाही. कुपोषण क्षयाला आमंत्रण देते, याला भरपूर आहे. रॅपामायसिन ऑटोफॅजी चेतवते म्हणून क्षयावर उपयोगी, हा तर्कही रुग्णाच्या पातळीवर टिकत नाही. ते टी पेशींना दाबते.

प्रकल्पाला तीन महिने उरले असतील तर क्रम असा ठेवा. पहिल्याच आठवड्यात क्रिस्परची कामे लावा, क्लोन यायला सहा-आठ आठवडे जातात. तोवर आत्ताच्या पेशींत बॅफिलोमायसिन घेऊन ओघ मोजा आणि पेन-स्ट्रेप काढून शून्य व ७२ तासांचे सीएफयू करा. क्लोन आले नाहीत तर प्रबंधात एवढेच लिहा: 'एटीजी५चे प्रमाण अमुक टक्क्यांनी घटवले असता, ईएसएक्स-१ नसलेल्या बीसीजीच्या २४ तासांच्या संख्येत फरक आढळला नाही. उरलेले एटीजी५ ऑटोफॅजी चालू ठेवण्यास पुरेसे होते, असे एलसी३-२वरून दिसते.' परीक्षकाला हे वाक्य तुम्ही प्रश्नात लिहिलेल्या निष्कर्षापेक्षा जास्त पटेल.